शब्दचर्चा: 'निर्वाण' म्हणजे 'मोक्ष'च ना?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करतेय. बौद्ध संदर्भात 'निब्बान' ('निर्वाण'चं पाली रूप) आलं तिथे मी सरसकट 'मोक्ष' लिहिलं. संपादकांनी सगळीकडे लाल खुणा करून 'निर्वाण' केलं. माझ्याकडच्या छोट्या कोशात दोन्हींपुढे 'मुक्ती' एवढंच आहे. मग फरक कुठे पडला?

प्रतिसाद १: लाल खुणा रास्त आहेत. धातू बघा. मोक्ष 'मुच्'पासून, म्हणजे सुटणं. सुटायचं तर सुटणारा कुणीतरी हवा; वेदान्तात तो आत्मा. निर्वाण म्हणजे विझणं. त्यातला धातू 'वा', म्हणजे वाहणं; वारा-वायू त्यातलेच. बौद्धांना नित्य आत्मा मान्य नाही, त्यामुळे सुटणार कोण?

मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात वच्छगोत्त नावाचा परिव्राजक (भटका संन्यासी) बुद्धांना विचारतो, मुक्त झालेला भिक्षू पुढे कुठे जन्मतो? बुद्ध त्यालाच विचारतात, समोरची आग विझली तर ती कुठल्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? तो म्हणतो, हा प्रश्नच लागू होत नाही; गवत-लाकूड संपलं म्हणून ती विझली. गंमत म्हणजे पालीत सरपणालाही 'उपादान' आणि आसक्तीलाही 'उपादान'च. हा श्लेष मराठीत उतरत नाही, आपल्याकडे तो शब्द 'उपादान कारणा'पुरता (ज्यापासून वस्तू बनते ते, जशी मडक्याची माती) उरलाय.

प्रतिसाद २: पण निर्वाण ही काही एकट्या बौद्धांची मिरास नाही. गीतेत 'ब्रह्मनिर्वाण' आहे. जैन महावीरांचं निर्वाण पावापुरीला झालं असं मानतात. उलट पालीत 'विमुत्ति', 'विमोक्ख' आहेतच, तेही 'मुच्'चेच.

प्रतिसाद १: मान्य, पण गीतेलाही निर्वाणाआधी 'ब्रह्म' जोडावं लागलं, नुसता शब्द पुरला नाही.

प्रतिसाद २: सहावा अध्याय काढा. 'शान्तिं निर्वाणपरमां'. तिथे कुठे आहे ब्रह्म?

प्रतिसाद १: हरलो. तेवढं विधान मागे घेतो. आत्म्याचा मुद्दा मात्र कायम.

प्रतिसाद ३: व्याकरणाची भर घालतो. पाणिनीचं सूत्रच आहे, 'निर्वाणोऽवाते' (८.२.५०). वाऱ्याबद्दल बोलायचं नसेल तेव्हा 'निर्वाण', वाऱ्याबद्दल असेल तर 'निर्वात'. म्हणजे दिवा निर्वाण होतो, वारा निर्वात. आपली 'निर्वात पोकळी' याच घरातली.

प्रतिसाद ४: आणि मराठीने या शब्दाचं काय केलं तेही बघा! 'निर्वाणीचा इशारा', 'निर्वाणीचा उपाय'. विझण्याची शांती गेली, अगदी शेवटची, जिवावरची वेळ उरली. गणपतीच्या आरतीत 'संकटी पावावे, निर्वाणी रक्षावे' म्हणतो ते याच अर्थाने. (तिथे 'संकष्टी' म्हणणाऱ्यांना कितीदा सांगायचं!)

दुसरा घोळ, निर्वाण म्हणजे मृत्यू समजण्याचा. परंपरेनुसार बुद्धांना बोधगयेला पस्तिसाव्या वर्षी निर्वाण लाभलं, त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ते उपदेश करत हिंडले. कुशीनगरला ऐंशीव्या वर्षी देहान्ताबरोबर झालं ते परिनिर्वाण. बाबासाहेबांच्या ६ डिसेंबरला 'महापरिनिर्वाण दिन' म्हणतात, नुसतं 'निर्वाण दिन' नव्हे.

प्रश्नकर्ती: दुरुस्त्या मान्य. पण एका वाक्यात दोन्ही परंपरांचं ध्येय एकत्र आलंय. तिथे काय लिहू?

प्रतिसाद १: तिथे 'मुक्ती' ठेवा. 'मुच्' दोघांकडेही आहे, आत्ताच तर मला ऐकवलं.