वंगण, स्क्वॉट आणि लॉबीतला जार

बी ३०२ काकू: आमच्या ह्यांनी परवा मोबाईलवर बघून स्क्वॉट म्हणजे बैठका चालू केल्यात आणि आज जिना उतरताना आई गं आई गं चाललंय, कोणाला काही माहितीये का

सी ११०४: काकू गुडघ्यातलं वंगण संपतं हो या वयात, बंदच करायला सांगा, चालणं बेस्ट

ए ७०१ फिजिओ ताई: वंगण संपायला तो काय स्कूटरचा इंजिन आहे का दादा. काकू सूज आहे? गुडघा मधेच अडकतो किंवा दगा देतो का?

बी ३०२ काकू: नाही गं. वाटीच्या पुढे दुखतं म्हणतात आणि कटकट वाजतं

ए ७०१ फिजिओ ताई: नुसतं वाजतं आणि दुखत नाही तर सोडून द्या. किती मारले पहिल्या दिवशी?

बी ३०२ काकू: ५०. पोटाशी पाण्याचा २० लिटरचा जार धरून

सेक्रेटरी: लॉबीतला जार गेला तो हाच का

ए ७०१ फिजिओ ताई: तिथंच घोळ झालाय. आता जार नको, मागे खुर्ची ठेवून हळूहळू ३ मोजत बसायचं, हात न टेकता उठायचं, ८-१० वेळा, एक दिवसाआड. खुर्ची खाली वाटली तर वर उशी टाका. आणि काकू तुम्ही समोर उभं राहून बघा, उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का, पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहिले पाहिजेत, टाच उचलायची नाही

बी ५०४: पण गुडघा बोटांच्या पुढे गेला की आमचा ट्रेनर ओरडतो

ए ७०१ फिजिओ ताई: लांब मांडीच्या माणसाचा जाणारच, जिना उतरताना नाही का जात? मुद्दाम मागे धरला की माणूस पुढे वाकतो आणि भार कमरेवर येतो. दुखतंय तोवर खोल बसू नका एवढंच

बी ५०४: मी पळायचे गुबगुबीत शूज घालून करायचो, पाय नुसता डुगडुगायचा, आता अनवाणी करतो

बी ३०२ काकू: रविवारी पर्वतीला जायचं म्हणतायत

ए ७०१ फिजिओ ताई: या रविवारी नको, चढताना चालून जाईल पण त्या १०३ पायऱ्या उतरताना वाटीवर जास्त ताण येतो. व्यायाम करताना १० पैकी ३ एवढं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलं नाही तर चालू ठेवा. २-३ आठवड्यात फरक नाही किंवा सूज आली तर मग दाखवा

बी ३०२ काकू: वाचून दाखवलं. म्हणतात खुर्चीवर बसणं हा काय व्यायाम झाला

बी ३०२ काकू: सहाव्याला बसले ते उठलेच नाहीत, चहा मागतायत

सेक्रेटरी: जार संध्याकाळपर्यंत जागेवर ठेवावा