मदत हवी आहे: पॉवर सर्व्हरच्या पूलमधली क्रेडिट्स महिनाअखेरीला भसाभस उडतायत, लगाम कुठे घालायचा?

रूटवाला:
मंडळी नमस्कार, इथे एआयएक्स (आयबीएमची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) नाहीतर आयबीएमचे पॉवर सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तर जरा डोकं लावा प्लीज. आमच्याकडे दोन आयबीएम ई९८० सर्व्हर आहेत, प्रत्येकात ४० प्रोसेसर कोअर बसवलेले. आधी प्रत्येक मशीनवर २४ कोअर ॲक्टिव्हेट होते, बाकीचे झोपलेले. आता दोन्ही मिळून एंटरप्राइझ पूल २.० (दोन्ही सर्व्हरची सामायिक कपॅसिटी) केलाय, बेस कपॅसिटी (आधीच विकत घेतलेली) ४८ कोअर, त्याच्यावर जे काही वापरू ते मिनिटाच्या हिशोबाने आगाऊ घेतलेल्या क्रेडिटमधून कापलं जातं. आयडिया मस्त आहे, एका मशीनवर लोड कमी असला की त्याचा वाटा दुसऱ्याला आपोआप मिळतो, पूर्वीसारखं मोबाईल (हलवता येणारं) ॲक्टिव्हेशन इकडून काढा तिकडे टाका ही कटकट नाही.

पण महिनाअखेरीला प्रॉडक्शनची बॅच चालते तेव्हा क्रेडिट भसाभस जातात, आणि गंमत म्हणजे प्रॉडक्शन डेटाबेसचा वापर पूर्वी होता तेवढाच आहे. यूएटी (यूझरची चाचणी) आणि टेस्टचे एलपार (मशीनचे भाग पाडून केलेले स्वतंत्र सर्व्हर) खूप आहेत, सगळे अनकॅप्ड (हक्कापेक्षा जास्त कोअर घेऊ शकणारे), एंटायटलमेंट म्हणजे हक्काचा वाटा अर्धा कोअर आणि व्हर्च्युअल प्रोसेसर, म्हणजे जास्तीत जास्त किती कोअरपर्यंत जाता येईल ते, ८-८ (आधीच्या टीमने दिलेत, का ते विचारू नका). त्यांचं वेट (जादा कोअर वाटतानाचा अग्रक्रम) १२८ वरून १० वर आणलं, काडीचा फरक नाही. मॅनेजर रोज डॅशबोर्ड उघडून बसतो आणि पार्टनरचा माणूस म्हणतो अजून क्रेडिट घेऊन ठेवा, तो तेच म्हणणार म्हणा. प्रॉडक्शनला धक्का न लावता हे आवरायचं कसं?

एचएमसीकर:
वेटने काहीही होणार नाही राव. वेट कधी कामाला येतं, तर दोन अनकॅप्ड एलपार एकाच वेळी कोअर मागतायत आणि कोअर पुरत नाहीयेत तेव्हा. तुमच्याकडे आता कोअरची टंचाईच नाही. आधी मशीनला २४ कोअरचीच भिंत होती, टेस्टवाल्याने कितीही उड्या मारल्या तरी तो उरलंसुरलंच खाणार, तेही फुकट. एंटरप्राइझ पूल सुरू झाला की बसवलेले सगळे कोअर चालू होतात, म्हणजे तुमच्या केसमध्ये एका मशीनवर १६ कोअर नवे मोकळे मिळाले आणि अर्धा कोअरवाला यूएटी एलपार आता खुशाल ८ पर्यंत जातो, त्याला कोणी अडवत नाही. दोन्ही मशीनची त्या मिनिटाची बेरीज ४८ च्या वर गेली की मीटर पळायला लागतं. ते मीटर प्रॉडक्शनमुळे पळतंय का टेस्टमुळे ह्याच्याशी बिलाला घेणंदेणं नाही.

उपाय म्हणजे शेअर्ड प्रोसेसर पूल (एंटरप्राइझ पूल नव्हे, एकाच मशीनमधल्या काही एलपारचा कोअर वाटून घेणारा गट). एचएमसीवर (हे सर्व्हर सांभाळायचा कन्सोल) दोन्ही मशीनवर यूएटी नावाचा वेगळा पूल करा, त्याला मॅक्सिमम प्रोसेसिंग युनिट द्या, समजा ६, आणि टेस्ट-यूएटीचे सगळे एलपार डीफॉल्ट पूलमधून उचलून त्यात टाका. चालू एलपारवर होतं हे, रीबूट लागत नाही. मग आतमध्ये ते अनकॅप्ड राहू देत, आपसात भांडू देत, सगळे मिळून ६ च्या वर जाणार नाहीत. आणि तेव्हा तुमचं वेटसुद्धा कामाला येईल.

फक्त एक बघा, एलपारच्या प्रोफाईलमध्ये (चालू होताना वाचलं जाणारं सेटिंग) पण नवा पूल सेव्ह करा. नाहीतर कोणीतरी एलपार बंद करून जुन्या प्रोफाईलने चालू करणार आणि तो परत डीफॉल्टमध्ये जाऊन बसणार. एलपीएमने एलपार दुसऱ्या मशीनवर नेताना पण तिकडचा पूल निवडावा लागतो, दोन्हीकडे नाव सेम ठेवलंत तर घाईत चूक होत नाही.

रात्रपाळी:
वरच्यांशी सहमत, पण व्हर्च्युअल प्रोसेसरही कमी कराच. अर्ध्या कोअरच्या एलपारला ८ कशाला? एआयएक्स डीफॉल्टमध्ये काम सगळ्या व्हर्च्युअल प्रोसेसरच्या पहिल्या थ्रेडवर पसरवतं, त्यामुळे थोडक्या कामालाही फिजिकल कोअर जास्त खाल्लेले दिसतात. एलपारस्टॅट कमांड लावून बघा, आतला सीपीयू बऱ्यापैकी रिकामा आणि फिज-सी (खाल्लेले फिजिकल कोअर) मात्र २-३ असं दिसलं तर हेच होतंय. शेडोमध्ये (schedo, एआयएक्सची शेड्युलर सेटिंगची कमांड) थ्रूपुट मोडचं सेटिंग आहे, ते २ केलं की काम आधी एकाच कोअरच्या थ्रेडवर दाटीवाटीने बसवतात. टेस्ट एलपारवर आरामात करा, प्रॉडक्शनवर रिस्पॉन्स टाईम बघूनच, मी तर तिथे हातच लावत नाही.

आणि डेडिकेटेड (स्वतःचे राखीव कोअर असलेला) एलपार असेल एखादा तर तो रिकामा बसला तरी दिलेले सगळे कोअर वापरात धरतात. डोनेटिंग मोड (रिकामे कोअर इतरांना देणं) चालू करा.

खटपट्या:
सॉफ्टवेअर लायसन्सचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. क्रेडिट परवडले असा झटका तिथे बसू शकतो. आयबीएमचं पीव्हीयूवालं, म्हणजे कोअरच्या हिशोबाने लायसन्स लागणारं काही सॉफ्टवेअर (डीबी२, एमक्यू वगैरे) त्या अनकॅप्ड एलपारवर असेल तर सब-कपॅसिटीत (अख्ख्या मशीनऐवजी एलपारपुरतं लायसन्स) व्हर्च्युअल प्रोसेसर मोजतात, फार तर शेअर्ड प्रोसेसर पूलच्या साईझपर्यंत. आधी तुमची बेरीज २४ ला जाऊन अडायची, आता डीफॉल्ट पूलमध्ये ती ४० पर्यंत चढू शकते. बेस कपॅसिटी २४-२४ आहे हे आयएलएमटीला (आयबीएमचं लायसन्स मोजणारं टूल) काय माहीत? वेगळा पूल करून ६ ची मर्यादा घातलीत की इथेही तीच मर्यादा लागू पडते, एका कामात दोन कामं. बदल केल्यावर रिपोर्ट काढून खात्री करा.

ओरॅकल असेल तर अजून वेगळं, त्यांच्या पार्टिशनिंग पॉलिसीत मायक्रोपार्टिशन (कोअर वाटून घेणारा एलपार) कॅप्ड असेल तरच हार्ड पार्टिशन धरतात, म्हणजे तेवढ्याच भागाचं लायसन्स लागतं, आणि पॉवरला कोअर फॅक्टर (लायसन्ससाठी कोअरला गुणायचा आकडा) १, इंटेलसारखा अर्धा नाही.

रूटवाला:
बाप रे, आयएलएमटीचं डोक्यातच नव्हतं, एमक्यू आहे आमच्याकडे. ओरॅकल प्रॉडक्शनला आहे आणि ते कॅप्ड आहेत, तेवढं बरंय. एलपारस्टॅट बघितलं, दोन यूएटी एलपारवर फिज-सी ५ च्या वर आणि यूझर टाईम जेमतेम. टेस्टिंग टीमने रिग्रेशन टेस्टिंग नेमकं महिनाअखेरीच्या रात्रीच लावलंय, म्हणे तेव्हा सिस्टिम मोकळी असते!! शनिवारच्या चेंज विंडोमध्ये यूएटी पूल करतोय, आधी ८ ठेवून.

एक विचारायचं राहिलं, व्हायोस (बाकी एलपारना डिस्क आणि नेटवर्क पुरवणारा एलपार) पण त्याच पूलमध्ये टाकू का?

एचएमसीकर:
अजिबात नको. टेस्टवाल्यांनी पूल भरून टाकला की व्हायोसला एंटायटलमेंटच्या वर काही मिळणार नाही, आणि त्याच व्हायोसमधून प्रॉडक्शनची डिस्क आणि नेटवर्क जातंय. ते डीफॉल्टमध्येच राहू दे. आणि टेस्टवाल्यांना रॅमचंही सांगा, मेमरीचं मीटर वापरावर नाही, चालू एलपारला किती दिलीय त्यावर धरतात. जे एलपार नुसतेच चालू ठेवलेत ते बंद करायला लावा.