ग्रीनकार्ड आणि भारतातला दीर्घ मुक्काम : अनुभव धागा

आई-वडिलांचे आजारपण, बाळंतपण, वडिलोपार्जित घराचे व्यवहार अशा कारणांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला कधी ना कधी भारतात अनेक महिने राहावे लागते, आणि त्या काळात ग्रीनकार्डचे काय होईल ही धास्ती त्याला लागून राहते. ओळखीपाळखीत यावर एकच उत्तर मिळते : ‘सहा महिन्यांच्या आत एकदा जाऊन या, म्हणजे झाले.’ हे उत्तर अपुरे आहे आणि त्यावर विसंबून राहिलेल्या कुटुंबांची झालेली ओढाताण मी जवळून पाहिली आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मुळातली व्यवस्था आधी सांगतो. सलग १८० दिवसांपेक्षा कमी काळ बाहेर राहून परतणाऱ्या कार्डधारकाकडे सर्वसाधारणपणे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहिले जात नाही. १८० दिवस ओलांडले की पाहिले जाते, आणि चौकशी अधिक बारकाईने होऊ शकते. एक वर्ष उलटले की नुसते कार्ड प्रवेशाला पुरत नाही. मात्र या आकड्यांच्या तळाशी एकच प्रश्न असतो : तुमचे कायमचे घर कोठे आहे, आणि बाहेरचा मुक्काम खरोखर तात्पुरता आहे का? म्हणूनच दर काही महिन्यांनी आठवडाभर येऊन जाणाऱ्याचाही कायम रहिवासी हा दर्जा धोक्यात येऊ शकतो, आणि दीड वर्ष बाहेर राहिलेल्याचा शाबूत राहू शकतो.

ज्यांनी असा काळ निभावून नेला आहे, त्यांनी निघण्यापूर्वी काय केले, परतताना काय विचारले गेले आणि कोणता कागद कामी आला, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. नाव देण्याची आवश्यकता नाही.

न्यू जर्सी, माहेर सातारा

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पहिल्या विमानाने आले, आणि दोन-तीन आठवड्यांतच हे काम काही महिन्यांचे नाही हे स्पष्ट झाले. भाऊ नाही, आईचे गुडघे साथ देत नाहीत, आणि रात्री वडिलांना कुशीवर वळवण्यासाठी दोन माणसे लागत. त्यांची व्यवस्था लावून मी न्यू जर्सीला परत गेले ती केवळ रीएन्ट्री परमिटचा, म्हणजे लांब मुक्कामानंतर परत प्रवेश करण्यासाठीच्या परवान्याचा, अर्ज करण्यासाठी. हा अर्ज, म्हणजे आय-१३१, भारतातून करता येत नाही. अर्ज दाखल होतो त्या वेळी माणूस अमेरिकेत हजर असावा लागतो. त्यानंतर बोटांचे ठसे आणि छायाचित्र यांसाठी बोलावणे येते आणि तेही तिकडेच द्यावे लागते. ते उरकून मी निघाले. परमिट हाती येईपर्यंत थांबणे बंधनकारक नाही, आणि अर्जातच नोंद केली तर ते अमेरिकी वकिलातीत मागवता येते. मी मुंबई लिहिले होते.

परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचे असते आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. पुन्हा हवे असेल तर पुन्हा अमेरिकेत जाऊन नवा अर्ज करावा लागतो. गेल्या पाच वर्षांपैकी चारांहून अधिक वर्षे बाहेर गेलेली असतील, तर सहसा एकाच वर्षाचे देतात. हातात परमिट असले की केवळ मुक्काम लांबला या कारणावरून दर्जा सोडला असे धरता येत नाही. बाकी सर्व प्रश्न विचारता येतात, आणि मला ते विचारले गेले.

नोकरीचा राजीनामा न देता मी बिनपगारी रजेचे पत्र घेतले होते. यजमान आणि मुलगा तिकडच्याच घरात राहत होते, माझा वाहन परवाना चालू होता, बँकेचे खाते वापरात होते. परतल्यावर अधिकाऱ्याने रजेचे पत्र वाचले, वडिलांच्या इस्पितळाचे कागद चाळले आणि करविवरण कोणत्या पद्धतीने भरले आहे हे विचारले. या शेवटच्या प्रश्नाकडे सर्वांनी लक्ष द्यावे. भारतात राहत असताना अमेरिकेचे विवरण अनिवासी म्हणून भरले, तर मी अमेरिकेची रहिवासी नाही असे स्वतःच्या सहीने लिहून दिल्यासारखे होते. मी दोन्ही वर्षी रहिवासी म्हणून, भारतातल्या ठेवींचे व्याज दाखवून विवरण भरले. सोय म्हणून वडिलांच्या खात्यांवर माझे नाव लावले होते. परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि त्यात संयुक्त खातीही येतात. आजारपणाच्या धांदलीत ही गोष्ट सहज नजरेआड होते.

वडील गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. परमिटची ती सगळी धावपळ मी पुन्हा आनंदाने करीन.

पुणे, मुलगा कॅलिफोर्नियात

आम्ही उभयतां सत्तरीच्या पुढचे. मुलगा नागरिक झाल्यावर त्याने आमची ग्रीनकार्डे केली. थंडीत पुणे आणि उन्हाळ्यात मुलाकडे असा आमचा क्रम होता, आणि हळूहळू पुण्याचा मुक्काम वाढत जाऊन तिकडचा कमी होत गेला. एका खेपेस विमानतळावर आम्हाला आतल्या खोलीत बसवले गेले. अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, तुम्ही राहता भारतात आणि इकडे पाहुणे म्हणून येता. तेव्हा आय-४०७ या, कायम रहिवासी हा दर्जा सोडत असल्याच्या, फॉर्मवर सही करा, कार्ड परत द्या आणि पुढे पर्यटक व्हिसावर येत जा.

सोळा तासांच्या प्रवासानंतर, औषधाची वेळ टळलेली असताना, समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल. मुलाने आम्हाला आधीच समजावून ठेवले होते की ही सही ऐच्छिक असते. नकार दिला तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशांसमोर जाते, आणि आम्ही दर्जा सोडला आहे हे स्पष्ट व निःसंदिग्ध पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. निकाल लागेपर्यंत माणूस कायम रहिवासीच राहतो. मी हिंदी दुभाषा मागितला, तो फोनवर मिळाला, आणि सही करणार नाही, सुनावणी झाली तर तिला हजर राहीन असे मी नम्रपणे सांगितले. पुष्कळ वेळ गेला. अखेर पुढच्या वेळी काळजी घ्या अशी ताकीद देऊन आम्हाला सोडण्यात आले.

माझ्या वयाच्या मंडळींना एवढेच सांगावेसे वाटते की न समजलेल्या इंग्रजी कागदावर दमलेल्या अवस्थेत सही करू नका, आणि मुलांनीही आई-वडिलांना विमानात बसवण्यापूर्वी हे शांतपणे समजावून द्यावे. मात्र त्या अधिकाऱ्याचा मूळ प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आमचे घर कोठे आहे, हे आम्हालाच ठरवायचे होते. त्यानंतर आम्ही वर्षाचा मोठा भाग मुलाकडे राहू लागलो.

धागाकर्ता

काका, आपला प्रतिसाद मी अनेकांना वाचायला दिला. एक भर घालतो. ‘अजून वर्ष झालेले नाही’ हे उत्तर अशा वेळी पुरत नाही. तिकडे राहण्याचा पत्ता, विमा, बँकेचे व्यवहार, करविवरणाची प्रत आणि भारतातल्या मुक्कामाचे कारण दाखवणारा एखादा कागद हातातल्या पिशवीत असावा. सामानात टाकलेला कागद त्या खोलीत उपयोगी पडत नाही.

कोल्हापूर, सध्या टेक्सास

माझ्याजवळ परमिट नव्हते, कारण मी तीन आठवड्यांसाठीच आले होते. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली, पुढे आईला कोविड झाला, तिच्यामागून माझी शस्त्रक्रिया झाली आणि वर्ष उलटले. अशा माणसासाठी एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा, हा मार्ग आहे. त्यासाठी डीएस-११७ हा अर्ज वकिलातीत द्यावा लागतो आणि तीन गोष्टी पटवाव्या लागतात : निघताना आपण कायम रहिवासी होतो, परतण्याच्या इराद्यानेच निघालो होतो आणि तो इरादा कधी सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने.

रद्द झालेली तिकिटे मी जपून ठेवली होती, आणि त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. त्यांच्या जोडीला इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड, प्रवासास मनाई करणारे डॉक्टरांचे पत्र, तिकडच्या घराचा चालू भाडेकरार आणि करविवरणे लावली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली. दर्जा मान्य झाल्यावरही काम संपत नाही. वैद्यकीय तपासणीसह स्थलांतरित व्हिसाची प्रक्रिया जवळजवळ नव्याने करावी लागते. स्वतःच्या सोयीने मुक्काम वाढवलेल्यांनी या मार्गावर भिस्त ठेवू नये.

नाशिक, सासर आणि नोकरी मिशिगन

माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असलेल्या नियमाविषयी आहे. सातव्या महिन्यात मी माहेरी आले आणि कन्या नाशिकला जन्मली. ती अमेरिकी नागरिक नव्हती, कारण आम्ही दोघेही ग्रीनकार्डवर. तिच्यासाठी वेगळा अर्ज केला तर किती काळ ताटातूट होईल या विचाराने मला झोप येत नसे. परंतु कार्डधारक आई तात्पुरत्या परदेश मुक्कामात बाळंत झाली, तर ते मूल दोन वर्षांचे होण्याच्या आत, जन्मानंतर आई किंवा वडील पहिल्यांदा अमेरिकेत परततात त्याच वेळी, त्यांच्यासोबत व्हिसाविना प्रवेश करू शकते. विमानतळावरच त्याची कायम रहिवासी म्हणून नोंद होते.

यात ‘पहिल्यांदा’ या शब्दाला फार महत्त्व आहे. बाळाला आजीकडे ठेवून आई-वडिलांपैकी कोणी मध्येच एक खेप करून आले, तर ही सवलत हातची जाऊ शकते. यजमान बाळाला पाहायला येणार होते. वकिलांना विचारून आम्ही तो बेत रद्द केला. बाळाचा भारतीय पासपोर्ट, इंग्रजीतला जन्मदाखला आणि आमची कार्डे एवढे घेऊन मी निघाले. मुंबईला चेक-इनच्या वेळी व्हिसा नसलेले तान्हे मूल पाहून कर्मचारी गोंधळले. नियमाची छापील प्रत मी जवळ ठेवली होती. ती वरिष्ठांनी वाचल्यावर बोर्डिंग पास मिळाला. त्यामुळे विमानतळावर नेहमीपेक्षा बरेच आधी पोहोचावे.

सिअॅटल

रीएन्ट्री परमिट काढले की नागरिकत्वाची वर्षेही मोजली जातात असा समज मी अनेकदा ऐकला आहे. तसे होत नाही. परमिट कार्ड वाचवते, नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य वाचवत नाही. सहा महिन्यांहून अधिक आणि वर्षापेक्षा कमी अनुपस्थितीत सलगता तुटली असे गृहीत धरले जाते, पण पुरावा देऊन ते खोडता येते. वडिलांच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी मी इतकाच काळ मुंबईत होतो. नोकरी चालू होती, पत्नी आणि मुले इकडेच होती, आणि मुलाखतीत हे मान्य झाले. वर्ष किंवा अधिक काळ बाहेर असल्यास मात्र, आधी एन-४७०, म्हणजे सलग वास्तव्य टिकवण्याचा अर्ज, मंजूर नसेल, तर सलगता तुटतेच, आणि एन-४७० हा ठरावीक प्रकारच्या नोकऱ्यांवर परदेशी पाठवलेल्यांसाठी आहे. शिवाय पाच वर्षांत ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावे लागते, ही अट वेगळीच.

टोरांटो

कॅनडाचा नियम मला अधिक माणुसकीचा वाटतो, कारण तो मुख्यतः दिवस मोजतो. कोणत्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात भरले पाहिजेत, आणि ते सलग असण्याची अट नाही. नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशी राहिलेले दिवसही धरले जातात. सासूबाईंच्या आजारपणात आम्ही दोघे सोलापूरला राहिलो तेव्हा याच तरतुदीचा आधार मिळाला. मुक्कामात माझ्या पीआर कार्डाची, म्हणजे तिकडच्या कायम रहिवासी कार्डाची, मुदत संपली. कार्ड संपणे म्हणजे दर्जा संपणे नव्हे, पण विमानात बसण्यासाठी वेगळे प्रवासपत्र मागावे लागले, आणि त्यासाठी एकत्र राहिल्याचे पुरावे द्यावे लागले.

म्युनिक

जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना साधारणपणे सहा महिने बाहेर राहिल्यास आपोआप संपतो. जाण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयाकडून अधिक मुदत लेखी मागता येते. मी आईच्या शस्त्रक्रियेसाठी निघण्याआधी ती मागितली आणि मिळाली.

रत्नागिरी

या धाग्यात कार्ड टिकवण्याविषयी लिहिले गेले आहे. मी ते सोडल्याविषयी लिहितो, कारण तोही विचारपूर्वक निवडण्याचा मार्ग आहे. निवृत्तीनंतर आम्ही कोकणातच राहायचे ठरवले. दर वेळी विमानतळावर आपण तिकडे राहतो असे सांगावे लागणे मला पटेना, कारण ते खरे उरले नव्हते. आय-४०७ भरून, कार्ड सोबत जोडून, अमेरिकेतल्या संबंधित कार्यालयाला टपालाने पाठवले, आणि पोच येईपर्यंत सर्व कागदांच्या प्रती ठेवल्या. त्यानंतर पर्यटक व्हिसाचा अर्ज केला, तेव्हा कार्ड स्वेच्छेने परत केल्याची ती पोच मुलाखतीत दाखवता आली.

अर्ज टाकण्यापूर्वी करसल्लागाराकडे जाणे मात्र टाळू नये. गेल्या पंधरा करवर्षांपैकी किमान आठ वर्षांत कार्ड असेल, तर ते सोडणाऱ्याला ८८५४ हा कराचा फॉर्म भरावा लागतो, आणि मालमत्ता मोठी असल्यास निर्गमन कर लागू होऊ शकतो. वर्षाचा थोडासा भाग कार्ड असले तरी ते पूर्ण वर्ष मोजले जाते, म्हणून आठवे वर्ष लागण्यापूर्वी निर्णय घेता आला तर पाहावे. आम्ही डिसेंबर संपण्याआधी कागद रवाना केले ते याच कारणाने.