ईमेलचं आर्काइव्हिंग आणि बॅकअप नेमकं कधी लावायचं? सकाळी सगळ्यांचं आउटलूक अडकतंय

उद्यमबाग_आयटी

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत एका कास्टिंगच्या कारखान्यात आयटी बघतो, मी आणि एक हेल्पर पोरगा एवढंच आमचं डिपार्टमेंट. पंच्याऐंशी मेलबॉक्स आहेत, एक्स्चेंज सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) आमच्याच सर्व्हररूममध्ये, आणि डेटाबेस आता ४०० जीबीला टेकलाय कारण कस्टमरची ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट, कास्टिंगचे फोटो सगळं मेलवरच येतंय जातंय आणि डिलीट कोण काही करत नाही.

बॅकअप रोज रात्री ९ ला सुरू होतो, रोज फुल, जाळीच्या पलीकडं पॅटर्न शॉपच्या (साचे बनवायच्या विभागाच्या) माडीवर नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, ठेवलाय त्याच्यावर. संपतो सकाळी ८ ला. आमची फर्स्ट शिफ्ट ७ ची, म्हणजे पहिला तासभर आउटलूक नुसतं गरगर फिरत बसतं. वर आर्काइव्हिंग, म्हणजे दोन वर्षांपेक्षा जुने मेल बाजूला काढायचा जॉब, माझ्या आधीच्या माणसानं दुपारी १ ला लावलाय जेवणाची सुट्टी बघून, पण सुट्टी अर्ध्या तासाची आणि जॉब चालतो ३ पर्यंत.

मागच्या मंगळवारी सकाळी गाडी भरून गेटवर उभी होती आणि डिस्पॅचच्या मामांना कस्टमरचा रिलीजचा, म्हणजे माल पाठवायला परवानगीचा, मेल उघडेना. पाऊण तास. मामा माझ्या केबिनला आले, रागावले नाहीत, खिडकीतून ती गाडी दाखवली आणि परत गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यातून जाईना बघा.

रात्री उशिरा ढकलावं म्हटलं तर रात्री पण कारखाना झोपत नाही. १० नंतर वीज स्वस्त पडते म्हणून फर्नेस रात्रीच चालते, लॅबवाला रात्रीच केमिस्ट्रीचे रिपोर्ट मेल करतो, आणि जर्मनीचा कस्टमर आपल्या जेवणाच्या टायमाला मेल टाकतो. मग लावायचं कधी? कोणी असं सांभाळलं असेल तर सांगा की.

निपाणीकर_नेटवर्क

दादा, वेळ बदलायच्या आधी एक हिशोब करू. ४०० जीबी आणि ११ तास. भागून बघा, सेकंदाला १० एमबी पडतं. हा आकडा बघितल्या बघितल्या मला तुमच्या सर्व्हरचा नाही, वायरचा संशय येतोय. १०० एमबीपीएसच्या लाईनीतून जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातं सेकंदाला, म्हणजे तुमचा बॅकअप बरोबर त्या मापात बसतोय. गिगाबिट असती तर १०० च्या आसपास मिळालं असतं आणि अख्खा ४०० जीबी सव्वा-दीड तासात, डिस्क जुनी असेल तर दोन-अडीच तासात आत.

तुम्ही म्हणाल स्विच तर गिगाबिटचा आहे. असू दे. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात, म्हणून एखादी तार तुटली किंवा क्रिंपिंग, म्हणजे जॅकमध्ये दाबून बसवलेली तार, सैल झालं की लिंक बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते, लाईट पण लुकलुकत राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. त्यात तुमचा नॅस पॅटर्न शॉपच्या माडीवर, म्हणजे मधे कुठंतरी जुना आठ पोर्टचा स्विच लपून बसला असणार. नॅसच्या आणि सर्व्हरच्या दोन्ही टोकाला लिंक स्पीड काय दाखवतो ते आधी बघा, पाच मिनिटाचं काम आहे. मी चिकोडीच्या एका कारखान्यात हेच चार महिने बघितलंय, रोज शेड्यूल बदलत होतो आणि दुखणं केबलमध्ये होतं.

मच्छे_अकाउंट्स

मी आयटीतली नाही, मच्छेला अकाउंट्सला आहे, पण तुमच्या मामांसारखीच खुर्चीत बसून गोल गोल फिरणारं आउटलूक बघणाऱ्यांतली आहे म्हणून लिहिते.

तुम्ही लोक घड्याळ बघता, कॅलेंडर पण बघा ओ. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला थ्रीबी (जीएसटीआर-३बी), आणि महिनाअखेरीला तर आम्ही रात्री ९ पर्यंत ऑफिसात. ह्या दिवसांत पार्टीचा एक मेल अडकला तरी जीव खालीवर होतो. आमच्याकडं नवीन आर्काइव्ह नेमकं १९ तारखेला चालू केलं होतं. सकाळी बघते तर मेलच्या आत अटॅचमेंटच्या जागी नुसती लिंक, आणि लिंक दाबली की पासवर्ड विचारते. मला वाटलं मेल गेले. दोन वर्षांचे व्हेंडरचे बॅलन्स कन्फर्मेशन त्यात. मी रडकुंडीला आले होते खरंच, आणि आयटीवाल्या सरांना माहीतच नव्हतं की आम्हाला कोणी सांगितलं नाही.

तर माझं एवढंच म्हणणं, आदल्या दिवशी ग्रुपवर दोन ओळी टाका, मराठीत पण आणि कन्नडात पण, शॉपवरची निम्मी माणसं इंग्रजी नोटीस वाचत नाहीत. जुना मेल आता कुठं सापडेल ते एक फोटो काढून दाखवा.

अजून एक, दोन वर्षांच्या वरचे मेल म्हणजे टाकाऊ असं धरू नका. कंपनीची हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवायला लागतात आणि इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर पाहिजे असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे, आमचे ऑडिटर दरवर्षी विचारतात. त्याचे पुरावे निम्मे मेलमध्येच असतात.

खानापूर_सर्व्हरवाला

ताईंनी सांगितलं ते आधी वाचा, मग माझं. पंधरा वर्षं हेच काम करतोय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे बॅकअप आणि आर्काइव्ह ही दोन वेगळी कामं आहेत. बॅकअप उद्या सर्व्हर बसला तर परत उभा करायला, आर्काइव्ह जुना मेल शोधायला आणि डेटाबेस हलका ठेवायला. ह्या दोघांनी एकाच वेळी त्याच डिस्कवर तोंड घातलं की दोघंही रखडतात, आणि त्यात अँटिव्हायरसचा फुल स्कॅन पण रात्रीच लावलेला असतो बहुतेकांनी, तुमच्याकडं पण बघा, मला खात्री वाटत नाही की तो दिवसा असेल.

रोज फुल बॅकअप घ्यायची गरज नाही. शनिवारी रात्री फुल, रविवारी सुट्टी असल्यामुळं लांबला तरी कोणाच्या पायात येत नाही, आणि बाकीच्या रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त त्या दिवसाचे ट्रान्झॅक्शन लॉग उचलायचे, सर्व्हर प्रत्येक बदल ज्यात लिहून ठेवतो त्या फाइल. तुमच्या आकाराला ते काही मिनिटांत उरकतं. फक्त सर्क्युलर लॉगिंग (बॅकअपची वाट न बघता जुने लॉग पुसत जाणं) चालू असेल तर बंद करा, त्याच्याशिवाय इन्क्रिमेंटल होत नाही. आणि बॅकअप एक्स्चेंज ओळखणारा पाहिजे, तो नीट पूर्ण झाला तरच जुने लॉग साफ होतात, नाहीतर लॉग साठून साठून डिस्क भरते आणि मग डेटाबेसच उतरतो. ते मी बघितलंय, गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सगळं गाव झोपलेलं आणि मी सर्व्हररूममध्ये.

आता आर्काइव्हचं. जुने मेल बाजूला काढले की प्रत्येक हालचालीचा लॉग तयार होतो, त्यामुळं जेवढं आर्काइव्ह कराल तेवढा त्या रात्रीचा इन्क्रिमेंटल फुगतो. म्हणून पहिल्यांदा सगळ्या पंच्याऐंशी लोकांवर एकदम सोडू नका. रोज आठ-दहा मेलबॉक्स घ्या, सगळ्यात जड मेलबॉक्स शनिवारसाठी ठेवा. मागचा साठा एकदा निघाला की पुढं रोज थोडंथोडंच निघतं. आणि मूळ मेल लगेच पुसायचा नाही, आर्काइव्हच्या साठ्याचा बॅकअप झाला की मगच पुसायचा. हा क्रम उलटा झाला आणि मधल्या रात्री आर्काइव्हची डिस्क गेली तर ते मेल कुठंच नसतात.

वेळेचं म्हणाल तर अंदाज करू नका. एक्स्चेंजचा मेसेज ट्रॅकिंग लॉग, म्हणजे कुठला मेल कधी आला-गेला त्याची नोंद, साधारण ३० दिवसांचा असतोच, तो काढा आणि तासागणिक किती मेल गेले ते एक्सेलमध्ये लावा. जर्मनीचे संध्याकाळचे ६ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा, तेव्हा ९ ला सुरू करणं म्हणजे त्यांच्या शेवटच्या तासात घुसणं. अमेरिकेचा कस्टमर असेल तर अजून पुढं, न्यूयॉर्कचे ५ म्हणजे आपले पहाटेचे अडीच-साडेतीन. माझा अंदाज, तुमची खरी शांत वेळ १ ते ५ निघेल. फर्नेस चालू असते तेव्हा व्होल्टेज हलतं, नॅसला पण यूपीएस द्या, नुसतं सर्व्हरला देऊन चालत नाही.

आउटलूकला कॅश्ड मोड आहे का ते पण बघा. असेल तर मेलची प्रत पीसीवरच असते, सर्व्हर थोडा वेळ मंद झाला तरी मामांना आलेला मेल उघडता येतो. आणि कोणी पीएसटी फाइल (आउटलूक मेल साठवतं ती फाइल) शेअर्ड फोल्डरवर ठेवून वापरत असेल तर आजच थांबवा. नेटवर्कवरच्या पीएसटीला मायक्रोसॉफ्ट सपोर्टच देत नाही, बॅकअपच्या वेळी उघडी असली तर उचलली जात नाही, आणि एक दिवस फुटते.

एक्स्चेंजचं व्हर्जन २०१६ किंवा २०१९ असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपलाय, ते मालकांना लेखी कळवा. तो वेगळा विषय आहे पण सोडू नका.

उद्यमबाग_आयटी

निपाणीकर दादा, तुमच्या पाया पडतो. काल रविवारी दुपारी पोराला घेऊन पूर्ण केबल धरत धरत गेलो. पॅटर्न शॉपच्या जिन्याखाली पत्र्याच्या डब्यात जुना स्विच होताच, पण तो गिगाबिटचा निघाला. तिथून नॅसकडं जाणाऱ्या केबलचा जॅक काढला तर आतल्या पिना काळ्या, सँड आणि लोखंडाची बारीक धूळ बसलेली, आणि तपकिरी तार जॅकच्या तोंडाशी तुटून नुसती आत टेकलेली. टोक कापून नवीन जॅक मारला. नॅसच्या पानावर १०० च्या जागी १००० दिसलं तेव्हा पोरगा ओरडला.

रात्री फुल बॅकअप चालवून बघितला, २ तास १० मिनिटं. डब्याला रबराची पट्टी लावून घेतली, जॅकला टोप्या मागवल्यात.

ट्रॅकिंग लॉग काढला, खानापूरचे सर म्हणाले तसंच, दीडनंतर मेल जवळजवळ नाहीत, पण ५ ला परत लॅबचे रिपोर्ट सुरू होतात, नाईटची शेवटची हीट, म्हणजे फर्नेसमधला वितळलेला शेवटचा लॉट, निघते तेव्हा. म्हणून इन्क्रिमेंटल पावणेदोनला, आर्काइव्ह अडीचला आणि चारला काही झालं तरी थांबवायचं, उरलेलं दुसऱ्या रात्री. अँटिव्हायरस खरंच शुक्रवारी रात्री ११ ला होता, रविवारी दुपारी टाकला. ताई, आर्काइव्ह २१ तारखेनंतर सुरू करतोय, थ्रीबी झाल्यावर, आणि कन्नड नोटीस आमच्या स्टोअरच्या अण्णांकडून लिहून घेतली.

खानापूर_सर्व्हरवाला

छान झालं. आता एक मेलबॉक्स परत आणून दाखवा. त्या बॅकअपमधून, वेगळ्या जागेवर, पूर्ण. तोपर्यंत मी तुमचा बॅकअप आहे असं मानत नाही.

उद्यमबाग_आयटी

आज दुपारी केलं सर. डिस्पॅचच्या मामांचा मेलबॉक्स घेतला, रिकव्हरी डेटाबेसमध्ये उघडला. त्या मंगळवारचा रिलीजचा मेल सापडला, अटॅचमेंटसकट. मामांना बोलवून दाखवला.