मदत हवी आहे: मुलांचे वाढते वजन आणि शाळेसमोरचे खाणे

नमस्कार. आम्ही नेरूळला राहतो. माझा मुलगा ११ वर्षांचा असून, जूनमध्ये शिवलेल्या गणवेशाच्या पँटचा हुक दिवाळीपर्यंतच लागेनासा झाला. शाळा सुटल्यावर फाटकासमोरच्या गाडीवर वडापाव आणि थंड पेय हा त्याचा रोजचा नेम आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे तसेच चालते, म्हणून हा केवळ आमच्या घरचा प्रश्न आहे असे मी मानत नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ वा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तरीही गाडीवाल्याचे पोट त्यावरच असल्याने त्याला हुसकावणे मला पटत नाही. आपल्यापैकी कोणी पालक-शिक्षक संघातून हा विषय शाळेपुढे मांडला असेल, तर अर्जात काय लिहिले आणि विक्रेत्याला उकडलेले शेंगदाणे, चणे, ताक ठेवायला कसे राजी केले, हे कृपया सविस्तर सांगावे.

तसेच, मुलाला उपाशी न ठेवता आणि न हिणवता मार्गदर्शन करणारे बालरोगतज्ज्ञ किंवा आहारतज्ज्ञ नवी मुंबईत माहीत असल्यास सुचवावेत. हल्ली तो आमच्यासमोर शर्ट बदलायचेही टाळतो, आणि ते मला वजनापेक्षा जास्त लागते.