‘रक्त पातळ’ करणारं औषध चालू असताना गुठळी?

प्रश्न : मावशीचा गुडघा बदलला. त्यानंतर पोटावर हेपारिनची इंजेक्शनं चालू होती. आठवड्याभराने पोटरी सुजली, सोनोग्राफीत गुठळी निघाली आणि प्लेटलेट निम्म्यावर आलेल्या. रक्त पातळ करायचं औषध चालू असताना रक्त साकळलं कसं? शिवाय प्लेटलेट कमी झाल्या तर डेंगीसारखं रक्त जायला हवं ना?

उत्तर : आधी ‘साकळणं’. मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळतं, म्हणजे वाहिनीबाहेर येऊन साठतं. मावशींच्या शिरेच्या आत झाली ती गुठळी.

घोळ खरा ‘पातळ’ या शब्दाने होतो. आमटीत पाणी घालावं तसं रक्त पातळ होतच नाही. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन मुळातच असतं. हेपारिन त्याचा जोर कैक पटींनी वाढवतं, म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो. पण प्लेटलेटमधून बाहेर पडणारं ‘पीएफ४’ हे प्रथिनही हेपारिनला चिकटतं. काहींच्या शरीराला ही जोडी परकी वाटते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात. ही प्रतिपिंडं प्लेटलेटना चेतवतात, त्या आणखी पीएफ४ सोडतात आणि चक्र सुरू होतं. प्लेटलेट कमी दिसतात कारण त्या गुठळ्यांत खर्ची पडत असतात. इथे आकडा उतरला की धोका सहसा रक्तस्रावाचा नसतो, गुठळीचा असतो. बहुधा ५ ते १० दिवसांत हे होतं. अलीकडेच हेपारिन मिळालेलं असेल तर एका दिवसातही.

पुरवणी : अतिदक्षता विभागात काम करते म्हणून सांगते. अशा वेळी हेपारिन पूर्ण बंद, सलाईनची नळी धुवायला वापरतात तेवढंसुद्धा नाही. त्याऐवजी गुठळी रोखणारं अर्गाट्रोबानसारखं वेगळं औषध देतात. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं तोंडाने घ्यायचं औषध लगेच सुरू करत नाहीत. वॉरफरिन रक्तातलं गुठळी रोखणारं प्रोटीन-सी हे प्रथिन आधी कमी करतं, त्यामुळे गुठळ्या वाढून हातपाय काळे पडण्याची भीती असते. प्लेटलेट दीड लाखांच्या आसपास आल्या की मगच त्याचा विचार.

प्रश्नकर्ती : मग फाइलवर मराठीत काय लिहू?

उत्तर : ‘रक्त पातळ करणारं औषध चालत नाही’ असं मुळीच लिहू नका, मावशींना त्यातलंच दुसरं औषध लागणार आहे. सरळ लिहा : ‘हेपारिन आणि एनॉक्सापारिन देऊ नये. हेपारिनने प्लेटलेट उतरून गुठळी झाली होती.’ एनॉक्सापारिन हेही हेपारिनच, नाव वेगळं असल्याने नजरेतून सुटतं. खाली तारीख घाला.