मदत हवी आहे: पोहण्याच्या क्लासचे 13 दिवस गेले, पिल्लू अजून रॉड सोडेना

वडगावची_आई
नमस्कार मंडळी. सुट्टीची 21 दिवसांची बॅच लावलीय, 13 दिवस संपले. बाकीची पोरं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागली, आमचं पिल्लू अजून कडेचा रॉड धरून उभं. पैसे परत मिळणार नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. आमच्या बेळगावात शाळा मे संपता संपता उघडतात, कोल्हापूरवाल्यांसारखी 15 जूनपर्यंत सवड नाही. काय करू? लवकर सांगा, संध्याकाळी 5 ला परत जायचंय.

खानापूरकर
वय काय? मुलगा की मुलगी? कुठला पूल? पाणी किती खोल? काहीच लिहिलेलं नाही, आणि वर "लवकर सांगा".

उचगावचा_आज्जा
पूल कशाला पायजे म्हंतो मी? आमच्या टायमाला कमरेला पांगिऱ्याचा बिंडा बांधायचा, नायतर सुका भोपळा. कासऱ्याचं एक टोक कमरेला, दुसरं आज्जाच्या हातात. तीन दिवसांत पवायला यायचं. मला तर थोरल्या भावानं काय न सांगता ढकलून दिल्तं. आलं की मग!

वडगावची_आई
वय सात. पूलचं नाव घालत नाही, परत त्याच सरांसमोर उभं राहायचंय. लहान मुलांच्या बाजूला तीन फूट पाणी, पुढं उतार. काका, विहिरीचं नका सांगू. आमच्या मामंजींनी आधीच डोकं खाल्लंय, गावाकडं पाठवा म्हणून.

सायबर_गल्ली
दंडाला बांधायचे हवेचे फुगे मिळतात, गणपत गल्लीत विचारा. माझा भाचा पहिल्याच दिवशी बदकासारखा फिरत होता. विषय संपला.

लेन_चार
विषय संपला नाही, सुरू झाला. दंडाला फुगे बांधले की पोर पाण्यात उभंच राहतं, सायकल मारल्यासारखे पाय मारतं. पोहायला अंग आडवं पडावं लागतं. शिवाय पोराला वाटतं आपल्याला येतंय, आणि एक दिवस फुग्यांशिवाय उडी मारतं. हातात धरायचा किकबोर्ड त्यापेक्षा बरा.
ताई, एका सरांकडं किती मुलं आहेत? आणि आधी काही घडलंय का? सातव्या वर्षी पोरं सहसा 13-13 दिवस रॉड धरून बसत नाहीत.

सायबर_गल्ली
भाचा आजपण पोहतो. प्रात्यक्षिक महत्त्वाचं की थिअरी?

लेन_चार
फुगे काढून?

वडगावची_आई
सव्वीस मुलं, एक सर. घडलंय असं काही नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी सगळ्यांना खोल बाजूला उड्या मारायला लावल्या. तिलापण. बाहेर काढल्यावर बराच वेळ खोकत होती, रात्री जेवली नाही. पण बाकीच्यांनीपण मारल्याच की उड्या.

खानापूरकर
हे आत्ता सांगताय! आणि "पिल्लू" ही मुलगी आहे हेसुद्धा आत्ता कळतंय.

शिस्तप्रिय
मुलगी असेल तर लेडीज बॅचला घाला. प्रश्नच मिटला.

खानापूरकर
सात वर्षांची आहे हो ती.

कान_नाक_घसा_अनुभवी
कान तपासून घ्या आधी. माझ्या मुलाचं अस्संच झालं होतं. कानाची पाळी हलकेच ओढली की दुखलं, तर बाहेरच्या नळीला इन्फेक्शन असू शकतं. कापसाच्या काड्या अजिबात घालू नका, पाणी गेलं तर मान तिरकी करून टॉवेलनं टिपायचं. पडद्याला भोक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूल बंद.

वडगावची_आई
कान दुखत नाही, ओढून बघितला. उलट मलाच "का ओढतेस" म्हणाली.

उचगावचा_आज्जा
ढकलल्याबिगर पोर शिकत न्हाई. सर बरोबर हायत.

लेन_चार
काका, तुमच्या विहिरीत एका पोराला एक आज्जा आणि एक कासरा होता. इथं सव्वीस पोरांना एक सर. बुडणारं पोर हाका मारत नाही, हात वर करून ओरडत नाही, तोंड पाण्याबाहेर राहिलं तर ओरडेल ना. गप्प खाली जातं. सव्वीस डोकी मोजेपर्यंत उशीर होतो. आणि आता मोटरी लागल्यापासून मे महिन्यात विहिरींना पाणी तरी कुठं राहतं? वरून मुटका मारला की खाली गाळ.

उचगावचा_आज्जा
आमच्या विहिरीला हाय.

भावी_चॅम्पियन
एवढं घाबरायचं काय? कोल्हापूरचा वीरधवल खाडे बघा, 2008 ला बीजिंग ऑलिंपिक, 2010 च्या एशियाडला 50 मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ. आपल्या भागात टॅलेंट आहे. आत्ताच कॉम्पिटिशन बॅचचा फॉर्म भरून ठेवा.

खानापूरकर
ती रॉड सोडत नाहीये हो. बटरफ्लाय!

लेन_चार
ताई, नेमकं अडतं कुठं? डोकं पाण्यात घालते का? आत बुडबुडे येतात का?

वडगावची_आई
डोकं घालते की. जरा जास्तच वेळ घालते. बुडबुडे काही दिसत नाहीत. मग वर येते, ठसका लागतो, आणि रॉड आणखी घट्ट. सर तिकडून ओरडतात, "उसिरु बिडु! उसिरु बिडु!" तसे ती आणखीनच गाल फुगवते.

खानापूरकर
तिला कन्नड येतं?

वडगावची_आई
मराठी मीडियम. शाळेत कन्नड अजून अक्षरांपर्यंतच. "बा" म्हणजे ये, "ऊटा" म्हणजे जेवण, एवढं गल्लीत ऐकून येतंय. पोहायला कसली भाषा लागते असं वाटलं मला.

लेन_चार
इथंच आहे बघा. "हिडि" म्हणजे धर, "बिडु" म्हणजे सोड. पहिल्या दिवशी डोकं बुडवायला शिकवताना सर "उसिरु हिडि" म्हणाले असणार, श्वास धर. ते तिनं पक्कं धरून ठेवलंय. आता सोड म्हणतायत तर कानात पाणी, वर छपराचा घुमारा, हिडि काय आणि बिडु काय! श्वास कोंडून वर आलं की आधी सोडायचा, मग घ्यायचा, तेवढ्या क्षणात तोंडात पाणी. ठसका त्याचाच. पाण्यात सोडायचा, वर फक्त घ्यायचा.
घरी टपात पाणी घ्या, तुम्ही शेजारी बसून. तोंड बुडवून "म्म्म" असं गुणगुणायला सांगा, नाकातून आपोआप बुडबुडे येतात. आणि सरांना जाऊन सरळ सांगा, उरलेले आठ दिवस खोल बाजू नको. तरंगायला आलं आणि वळून कड धरता आली तरी या सुट्टीपुरतं बक्कळ झालं. टोक गाठायचं राहू दे.

सीमाभाग_कायमचा
बघा! म्हणून आम्ही घसा फोडून सांगतो. पूलवर सूचना कन्नडमध्ये, शिकवणं कन्नडमध्ये. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि

खानापूरकर
दादा, निकाल लागेपर्यंत ती पोरगी कॉलेजात जाईल. "बिडु" शिकायला एक मिनिट लागतं.

सीमाभाग_कायमचा
प्रश्न एका शब्दाचा नाही, हक्काचा आहे. 2014 ला बेळगावचं बेळगावी केलं तेव्हापण असंच

धागा_राखणदार
नावाचा वाद त्याच्या धाग्यावर. इथं पाणी.

वडगावची_आई
आत्ता आलो बॅचवरून. टपात "म्म्म" करून नेलं होतं. सरांना सांगितलं तर सर हसलेच, "हौदा?" म्हणाले, म्हणजे "हो का?". बरं मराठी बोलतात की ते, आणि चांगलं बोलतात! मी 13 दिवस विचारलंच नव्हतं. मग तिच्याजवळ येऊन म्हणाले, "सोड बाळ, सोड."
तिनं रॉड सोडला.
श्वास नाही, रॉड! दोन घोट पाणी प्याली, माझं काळीज तोंडात आलं, पण तीन फुटात उभी राहिली आणि स्वतःच हसायला लागली. नंतर बुडबुडेपण आले. खोल बाजूला जाणार नाही म्हणते. सर बरं म्हणाले, पण सव्वीस पोरांत त्यांच्या लक्षात राहील का कोण जाणे. मी काठावरच बसणार उद्यापासून, मोबाईल पिशवीत टाकून.

शिस्तप्रिय
टोपी सिलिकॉनची घेतली की कापडी? सिलिकॉनचीच घ्या.

उचगावचा_आज्जा
बिंडा पायजे असल तर सांगा, माळ्यावर पडलाय.